‘माझ्या माघारी याचं कसं?’ : बौद्धिक दिव्यांग तरुणांसाठी सोबतीचं घर



गेल्या वर्षावासात एका संध्याकाळी विहारातले ग्रंथवाचन आटोपले. बायका चपला शोधत पायऱ्या उतरू लागल्या आणि एक आई मागे राहिली. वय साठीच्या आसपास. तिच्या पायाला जखम होती, तीन आठवडे झाले तरी भरत नव्हती, आणि साखर वाढलेली. सिव्हिलला दाखल व्हा, असे आम्ही तिला दोनदा सांगितले होते. ती जात नव्हती. तिची अडचण दारातच बसली होती. तिचा २६ वर्षांचा मुलगा, डाऊन सिंड्रोम असलेला, सगळ्यांच्या चपला जोडीजोडीने लावत होता. ती म्हणाली, "मी दवाखान्यात पडले तर याला ठेवू कुठं? आन् उद्या माझं काही बरंवाईट झालं, तर माझ्या माघारी याचं कसं?"

शेवटी ती दाखल झाली. वस्तीतल्या दोघी जावांनी मुलाचे जेवण वाटून घेतले, शेजारच्या एका पोराने रात्रीची सोबत केली. नऊ दिवस असे गेले. या नऊ दिवसांत पुष्कळ चुका झाल्या, त्या पुढे सांगतोच. पण एक गोष्ट आम्हाला कळली की आईशिवाय हा मुलगा जगू शकतो. त्यासाठी चार माणसे आणि थोडी शिस्त लागते. हे आईलाही तेव्हाच कळले.

आज या पानावर आपण त्याचाच विचार करणार आहोत.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ हा शब्द दोन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. शाळेत हुशार, पण अक्षरे उलटी दिसतात, वाचताना अडखळतो, ती अध्ययन अक्षमता. अशा मुलाला परीक्षेत जास्त वेळ, लेखनिक मिळतो. मोठा झाल्यावर तो आपले घर स्वतः चालवतो. ज्यांना समजायला, बोलायला, पैशांचा हिशेब करायला, धोका ओळखायला लहानपणापासूनच अवघड जाते, त्यांच्यात बौद्धिक अक्षमता असते. पूर्वी सरकारी कागदावर ‘मतिमंद’ लिहीत. इंग्लंडमध्ये मात्र यालाच ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणतात, म्हणून घोळ होतो. आणि मानसिक आजार ही तिसरीच गोष्ट. तो कोणत्याही वयात होतो आणि त्याच्यावर औषधोपचार असतात. प्रमाणपत्र काढताना डॉक्टरांनी कोणत्या रकान्यात काय लिहिले ते वाचून घ्या. चुकीच्या रकान्यामुळे योजना हुकलेली घरे आम्ही पाहिली आहेत.

हे मागच्या जन्मीचे पाप नाही, हे वेगळे सांगायची खरे तर आपल्या घरांत गरज नसावी. मागच्या जन्मीच्या कर्माची फळे या जन्मी भोगावी लागतात हा सिद्धांत बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये नाकारला आहे. तरीही मुलाला घेऊन देवऋष्याकडे जाणारी, गंडा बांधणारी घरे वस्तीत आहेतच. डाऊन सिंड्रोममध्ये पेशीत एकविसावे गुणसूत्र एक जादा असते. इतर मुलांत कधी जन्मताना गुदमरलेला श्वास, कधी मेंदूज्वर, कधी गरोदरपणातला संसर्ग, कधी अनुवंश हे कारण असते, आणि कित्येकदा कारण सापडतच नाही. आईने काही खाल्ले, ग्रहण पाळले नाही, हे कारण कधीच नसते.

विशेष शाळा साधारण अठराव्या वर्षापर्यंत सांभाळते. मग मूल घरी बसते. लहानपणी ‘देवाघरचं लेकरू’ म्हणणारे लोक त्याला मिशा फुटल्या की लांब बसतात. पुढे काय होते, हे आपल्याला माहीत आहे. आई करते. आई थकली की थोरली बहीण, तिचे लग्न लांबते किंवा सासरची माणसे कुरकुरतात. आई गेली की भाऊ-भावजयीच्या घरात तो पडवीत येतो. भावजयीला दोष देऊन उपयोग नाही. ती दिवसभर एमआयडीसीत कामाला जाते आणि रात्री स्वयंपाक करते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या ऊसतोड कुटुंबांत तर दिवाळीनंतर कोयता बाहेर पडतो आणि असा मुलगा म्हाताऱ्या आजीजवळ सहा महिने गावात राहतो. काही घरे लग्न हाच इलाज समजतात. ‘बायको आली की सुधारेल’, आणि एका गरिबाघरच्या मुलीच्या गळ्यात न सांगता ओझे बांधतात. हे फसवणे आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्यांनी लग्न करूच नये असे आम्ही म्हणत नाही. दोघांना सगळे माहीत असावे आणि दोघांची मर्जी असावी, एवढेच.

दुसरी वाट संस्थेची. ‘कुठं तरी आश्रमात टाकू.’ चांगल्या संस्था आहेत, त्यांची नावे पुढे येतील. पण दार बंद झाले की आत काय चालते हे बाहेर कळत नाही, याची उदाहरणे फार लांबची नाहीत. नगर-पुणे रस्त्यावर आपली हद्द संपली की शिरूर लागते. तिथल्या मतिमंद मुलींच्या सरकारी वसतिगृहातील मुलींना फेब्रुवारी १९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशये काढण्यात आली. पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, असे कारण दिले गेले. स्त्री संघटना आणि आरोग्य चळवळीतले कार्यकर्ते उभे राहिले, तेव्हा उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. पाळीचे कापड बदलायला शिकवायला महिने लागतात, माणूस लागतो. कापायला एक दिवस पुरतो. पनवेलजवळ कळंबोलीच्या एका बालगृहात मतिमंद मुलींवर झालेले लैंगिक अत्याचार २०११ मध्ये उघड झाले. 

मोठी इमारत, शेकडो माणसे, घंटा वाजली की जेवण, हा नमुना जगभर मागे पडत चालला आहे. स्वीडनने १९९४ पासून कायद्याने आधाराचा हक्क दिला आणि मोठ्या संस्था बंद करून चार-पाच जणांची साधी घरे केली. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. त्याच्या एकोणिसाव्या कलमात समाजात राहण्याचा हक्क आहे. आपल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे पाचवे कलमही तेच सांगते. दिव्यांग व्यक्तीने अमुकच ठिकाणी राहिले पाहिजे अशी सक्ती होऊ नये, आणि घरात व समाजात राहण्यासाठी लागणारा आधार मिळावा, यासाठी सरकारने प्रयत्न करायचे आहेत. कायद्यात आहे, वस्तीत नाही. आपल्याला हे काही नवीन नाही.

महाराष्ट्रात ज्यांनी हे करून पाहिले

पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यात कोळवण येथे ‘साधना व्हिलेज’ १९९४ पासून आहे. तिथे बौद्धिक अक्षमता असलेले प्रौढ स्त्री-पुरुष छोट्या घरांत राहतात. प्रत्येक घराला सांभाळणारी माणसे असतात, त्यांच्यासोबतच जेवण, काम, सण. सकाळी शेती, बाग, हातकाम. या रचनेमागे ‘कॅम्पहिल’ ही कल्पना आहे. ती सुरू करणारे डॉक्टर कार्ल क्योनिग ज्यू होते. नाझींमुळे ऑस्ट्रिया सोडून स्कॉटलंडला आले आणि १९४० मध्ये अशा मुलांसोबत एका घरात राहू लागले. त्याच १९४०-४१ मध्ये जर्मनीत नाझी राजवट मतिमंद आणि मनोरुग्ण माणसांना विषारी वायूने मारत होती. सत्तर हजारांहून अधिक माणसे तेव्हा मारली गेली.

डोंबिवलीजवळ खोणी गावात अमेय पालक संघटनेचे ‘घरकुल’ आहे. ते आम्हाला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण ते कोणा दात्याने किंवा बुवाने काढले नाही. आपल्यामागे मुलांचे काय, हा प्रश्न पडलेले पालक एकत्र आले आणि त्यांनी ते उभे केले. आपल्या शेजारच्या नाशिकला ‘घरकुल परिवार’ बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींना आणि स्त्रियांना सांभाळते. मुलींसाठी राहण्याची सोय कमी आणि भीती जास्त, म्हणून तिची नोंद इथे करून ठेवतो.

अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर अनेकांना माहीत असतील. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रस्त्यावर, स्टेशनवर टाकून दिलेल्या १२३ दिव्यांग मुलांच्या कागदावर बाप म्हणून त्यांनी स्वतःचे नाव लावले. त्यांची सरकारकडे मागणी वर्षानुवर्षे एकच आहे: अठरा वर्षे झाली म्हणून अशा मुलाला बालगृहाबाहेर काढू नका, कायदा बदला. अठरा वर्षांची रेघ कागदावर सोपी असते. ज्याला दोन बसगाड्यांतला फरक ओळखता येत नाही, त्याला ती रेघ कळत नाही.

ही सारी कामे मोठी, जमीन-इमारत असलेली. आपल्या वस्तीला तेवढे जमणार नाही, आणि खरे सांगायचे तर जमायची गरजही नाही. आम्ही जे सुचवतो आहोत ते याहून खूप लहान आहे.

सोबतीचं घर कसे असेल

वस्तीतले किंवा वस्तीला लागून दोन खोल्यांचे साधे घर. त्यात तीन किंवा चार तरुण, चारही मुलगे किंवा चारही मुली. एक सोबतीण किंवा सोबती दिवसा, एक रात्री. आईबापांचे घर चालत जाण्याच्या अंतरावर. घर वस्तीतच का? सोनई आणि खर्डा ही नावे आपण विसरलेलो नाही. आपला मुलगा अनोळखी गल्लीत शिरला, कोणाकडे बघून हसला, तर काय होईल याची धास्ती प्रत्येक आईला असते. बोलता न येणाऱ्या मुलाला ‘कुठला रे तू’ या प्रश्नाचे उत्तरही देता येत नाही. ओळखीच्या गल्लीत किराणावाला, रिक्षावाला, अंगणवाडीची ताई अशा दहा जणांची नजर त्याच्यावर असते. ते फुकटचे संरक्षण आहे.

हे घर दवाखाना नाही आणि वसतिगृहही नाही. सकाळी उठल्यावर आज कोणता शर्ट, हे तो ठरवील. भाजी काय, हे चौघे ठरवतील, भांडतीलही. कोणाला किती मदत लागते ते वेगवेगळे असते. एकाला फक्त गॅस बंद झाला का ते बघावे लागते, दुसऱ्याला आंघोळ घालावी लागते. सोबतीने तेवढीच मदत करायची. जास्त केली की येत असलेलेही विसरते. आपल्या आया इथेच चुकतात, प्रेमाने चुकतात. तिशीतल्या मुलाला घास भरवतात.

शिकवायचे कसे, याचे एक उदाहरण आपल्याच परंपरेत आहे. चुल्लपन्थक नावाच्या भिक्खूला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. त्याच्या सख्ख्या भावानेच, तोही भिक्खू, त्याला संघ सोडून जायला सांगितले. तथागतांनी त्याला परत आणले, गाथेचा नाद सोडला आणि हातात एक स्वच्छ फडके दिले: हे चोळत बस. फडके हळूहळू मळत गेले आणि त्याला जे कळायचे ते कळले. शिष्य तोच होता, शिकवायची पद्धत बदलली. घरातही हेच करायचे. ‘चहा कर’ असे सांगून त्याला चहा येणार नाही. भांडे, पाणी, साखर, पत्ती, दूध यांचे फोटो भिंतीवर ओळीने लावा, रोज त्याच वेळी, त्याच भांड्यात. दोन महिने. तो करील.

आता त्या नऊ दिवसांतल्या चुका.

दुसऱ्या दिवशी त्याची थायरॉईडची गोळी चुकली. ती सकाळी उपाशीपोटी द्यायची, हे फक्त आईच्या डोक्यात होते. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉईड कमी असणे फार आढळते. गोळी सुटली तर माणूस सुस्त होतो, फुगतो, आणि घरचे म्हणतात आळशी झालाय. चौथ्या दिवशी तो आंघोळीला तयार होईना, ओरडू लागला. सगळे म्हणाले, आईची आठवण येतेय. सहाव्या दिवशी कळले की त्याच्या कानात पू झाला होता, पाणी लागले की ठणकत होते. हा आजच्या धड्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, तो कृपया घरात वाचून दाखवा. ज्याला ‘दुखतंय’ म्हणता येत नाही, त्याचे दुखणे वागण्यातून बाहेर पडते. अचानक मारायला लागला, जेवेना, एकाच जागी डोके आपटू लागला, रात्री झोपेना, तर आधी दात, कान, पोट, लघवी तपासा. बद्धकोष्ठ तर हटकून बघा; या मुलांत ते फार असते आणि कोणी विचारत नाही. झोपेच्या गोळीचा नंबर या सगळ्यांनंतर.

म्हणून प्रत्येक मुलाचे एक पानाचे आरोग्यपत्र आजच करा. नाव, फोटो, आजार, गोळ्या आणि वेळा, कशाची ॲलर्जी, तो दुखणे कसे दाखवतो, कशाला घाबरतो, कशाने शांत होतो, कोणाला फोन करायचा. एक प्रत घरात भिंतीवर, एक आशाताईंकडे, एक शेजारी. वहीचे एक पान पुरते.

फिट येणाऱ्या मुलांबद्दल स्वतंत्र सांगायला हवे, कारण बौद्धिक अक्षमतेसोबत मिरगी असणे नेहमीचे आहे. गोळी एकही दिवस चुकवायची नाही, बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही. फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवून काही होत नाही. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर न येता पुन्हा आली, तर १०८ ला फोन. सोबतीला हे सगळे पहिल्याच आठवड्यात पाठ असले पाहिजे.

वर्षातून एकदा दात, कान, डोळे, वजन, साखर. डाऊन सिंड्रोम असेल तर थायरॉईडची रक्ततपासणी आणि हृदयाची एकदा नीट तपासणी. चाळिशीनंतर त्यांच्यात विसराळूपणाचा आजार लवकर येऊ शकतो, हेही लक्षात असू द्या.

मुलीचे बोलू. पाळीचे कापड किंवा पॅड बदलायला बहुतेक मुली शिकतात. पाळी नसलेल्या दिवसांतही सराव करून घ्यावा लागतो, बाहुलीवर, मग स्वतःवर. आणि अंगाला कोण हात लावू शकते, कोण नाही, हे मुलगे-मुली दोघांनाही चित्रांतून शिकवायचे. घरातली लाज बाजूला ठेवून. सोबतीच्या घराला आमची एकच कडक अट आहे: दार उघडे. कोणीही आई, महिला मंडळातली कोणीही, न सांगता कधीही आत येईल. जिथे ‘आधी फोन करून या’ म्हणतात, तिथे आपले मूल ठेवू नका, संस्थापक कितीही मोठा समाजसेवक असो. काही वाईट घडले तर पोलिसांनी अशा मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, विशेष शिक्षकाच्या मदतीने आणि व्हिडिओ चित्रण करून घ्यायचा असतो. ठाण्यात फेऱ्या मारायला लावत असतील तर हा नियम दाखवा.

पैसा आणि कागद

गोड बोलून फसवायचे नाही, म्हणून हिशेब मांडतो. एखाद्या तालुक्याच्या गावी दोन खोल्यांचे भाडे ४००० धरू. दोन सोबतींना प्रत्येकी ९०००, म्हणजे १८,०००. चौघांचे आणि सोबतींचे जेवण ८०००. गॅस, वीज, औषधे २०००. झाले ३२,०००. समोर काय आहे? संजय गांधी निराधार अनुदान. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते दरमहा १५०० वरून २५०० करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये घेतला. चौघांचे मिळून १०,०००. तूट २२,०००, म्हणजे घरटी साडेपाच हजार. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला हे झेपणार नाही.

मग काही वाटा. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. बहुतेक ठिकाणी ते वर्षाअखेरीस कशावर तरी उडवले जातात. ग्रामसभेत लेखी मागणी करा, सोबतीच्या मानधनासाठी करा. रमाई आवास योजनेतून घर मंजूर होत असेल तर त्या घरावर दिव्यांग मुलाच्या हक्काचे काय, याचा विचार बांधकामाआधी करा, नंतर भाऊबंदकीत होत नाही. बाप सरकारी किंवा रेल्वेच्या नोकरीत असेल तर कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकते. त्याचे नाव नोकरीत असतानाच नोंदवा. साखर कारखान्यातल्या आणि एमआयडीसीतल्या कामगारांनी भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनचेही विचारावे. कायमस्वरूपी पूर्ण दिव्यांग अपत्याला तिथे वयाची अट नाही.

कागदांत पहिला यूडीआयडी. त्याशिवाय बाकी काही हलत नाही. आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अकोल्याच्या डोंगरातून नगरला तपासणीला यायचे म्हणजे दिवस जातो, मजुरी बुडते. चार घरांनी मिळून एक गाडी करा, आधार, रेशनकार्ड, फोटो, शाळेचे कागद एकाच पिशवीत आणा. मग राष्ट्रीय न्यास, म्हणजे १९९९ च्या कायद्याने झालेली केंद्राची संस्था. ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी आहे. तिच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला १ लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो. ‘घरौंदा’ ही तिचीच मोठ्यांच्या निवासाची योजना, पण ती नोंदणीकृत संस्थेमार्फत चालते. म्हणून पालकांची संघटना नोंदवणे ही आज ना उद्या करायची गोष्ट आहे.

आणि पालकत्व. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने आईबापही आपोआप त्याचे पालक राहत नाहीत, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. या चार प्रकारांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. आपल्या पश्चात कोण, हेही तिथे आताच बोलता येते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची, दर वर्षी हिशेब द्यायचा. छळ किंवा दुर्लक्ष केले तर त्याला काढता येते. पालक म्हणजे मालक नव्हे. चुलत्याने अंगठा घेऊन जमीन नावावर केली, असे प्रकार याच वाटेने अडवता येतात.

तरीही तूट उरतेच. म्हणून पहिल्याच दिवशी घर भाड्याने घेऊ नका.

याच जिल्ह्यात जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. डॉक्टर गावोगाव पुरणार नाहीत, हे त्यांना लवकर उमगले. गावाने निवडलेल्या बायका आठवड्यातून एकदा जामखेडला यायच्या, शिकायच्या, परत गावात काम करायच्या. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्यांच्या हातून गावाने बाळंतपणे करून घेतली. ते शिक्षण सहा महिन्यांचा कोर्स नव्हता. थोडे शिकायचे, लगेच करायचे, पुढच्या आठवड्यात अडलेले विचारायचे. सोबतीणही अशीच तयार होईल. बाहेरून पदवीवाली आणावी लागणार नाही.

आमच्या वस्तीत आम्ही सुरुवात अशी केली. चार आया ठरल्या. आठवड्यातून तीन दुपारी चारही मुले समाजमंदिरात एकत्र, दोन आया थांबतात, दोघी मोकळ्या. मोकळ्या आयांनी त्या वेळात काय केले? एकीने डोळे तपासले. दुसरी नुसती झोपली. तीन महिन्यांनी महिन्यातली एक रात्र, एका घरात चौघे आणि एक सोबती. एका मुलाने पहिल्या रात्री रडून गोंधळ घातला, त्याला अकरा वाजता घरी सोडावे लागले. दुसऱ्या महिन्यात तो राहिला. सोबतीला त्या रात्रीचे तीनशे रुपये महिला मंडळाच्या पेटीतून दिले जातात. फुकट करून घेतले तर ती बाई दोन महिन्यांत थकेल आणि तिचे थकणे कोणाला दिसणार नाही.

ज्या आईपासून हा लेख सुरू झाला, तिचा मुलगा आता महिन्यातून चार रात्री तिकडे असतो. चपला लावणे त्याने सोडलेले नाही. चौघांच्या उश्याही जोडीने लावतो. पहिल्या रात्री तो नऊला झोपला. आई बाराला त्या घराच्या खिडकीशी उभी होती. सोबतीणीने तिला आत घेतले, चहा दिला आणि घरी पाठवले.

पुढच्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर आरोग्यपत्र भरून घेण्यासाठी आम्ही विहारात दोन तास बसणार आहोत. येताना गोळ्यांची पाकिटे, जुने कागद आणि मुलाला सोबत आणा.